खुनी कोण ते पेन्सिलीने आधीच सांगून टाकलं, तरी 'स्टाइल्स' शेवटपर्यंत वाचली. तुमचं काय मत?

रामबागवाली

नमस्कार मंडळी. आमचा सहा जणींचा वाचनाचा ग्रुप आहे इंदुरात, महिन्याला एक पुस्तक सगळ्यांनी वाचायचं आणि शेवटच्या रविवारी सकाळी कुणाच्यातरी घरी पोहे-जलेबी आणून त्यावर बोलायचं. ह्या महिन्याला अगाथा ख्रिस्तीची पहिली कादंबरी ठरली, 'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स'. मी एका लायब्ररीतून जुनी इंग्रजी प्रत आणली, पानं पिवळी, बाइंडिंग सुटलेलं, ते चालतं. पण तिसऱ्या का चौथ्या प्रकरणात एका नावाखाली पेन्सिलीची जाड रेघ, आणि समासात बाण काढून लिहिलेलं, 'खुनी'.

पुस्तक मिटून ठेवलं ते दोन दिवस हात लावला नाही. इतका राग आला होता. ज्याने कुणी हे केलं त्याने पुढच्या प्रत्येक वाचणाऱ्याच्या तोंडचा घास काढून घेतला असं वाटलं. मग रविवार जवळ आला म्हणून नाइलाजाने परत उघडली, आणि खरं सांगते, मला ती फार आवडली. खुनी माहीत नसता तर एवढी आवडली असती का हीच मला शंका आहे, म्हणून इथे विचारतेय.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिलं महायुद्ध चालू आहे, जुलै महिना, एसेक्समधलं स्टाइल्स कोर्ट नावाचं मोठं घर. मालकीण एमिली, सत्तरीची बाई, पहिला नवरा वारलेला, आता तिने तिच्याहून वीस वर्षांनी लहान अशा काळ्या दाढीच्या माणसाशी लग्न केलंय. घरात दोन सावत्र मुलगे, थोरल्याची बायको, आश्रयाला ठेवलेली एक मुलगी, आणि एक जुनी विश्वासू मैत्रीण जी भांडून घर सोडून जाते. एका रात्री बाईच्या खोलीतून आवाज येतो, दारं आतून बंद, फोडून आत जातात तर ती आचके देतेय. विष. आणि गावात बेल्जियमहून आलेल्या निर्वासितांत एक म्हातारा पोलीस अधिकारी राहतोय, तो पॉयरो.

तर मला काय दिसलं ते सांगते. खुनी माहीत असल्यामुळे 'कोण' हा प्रश्नच डोक्यातून गेला आणि मी नुसतं घर बघत राहिले. कॉफीचे कप कुणी उचलले, कोको कुठे ठेवला, मेणबत्तीचं मेण गालिच्यावर कुठे सांडलं, किल्ल्यांचा जुडगा कधी हरवला होता. ह्यातली एक गोष्ट तर अशी की मी पुस्तक खाली ठेवून उभीच राहिले. ज्या दिवशी सगळं घडतं त्या दिवशी बाई आपल्या खोलीत शेकोटी पेटवायला सांगते. मोलकरीण हे अगदी सहज सांगून जाते आणि आपणही वाचत पुढे जातो कारण इंग्रजांच्या घरात शेकोटी असतेच ना. शेवटी पॉयरो आठवण करून देतो की त्या दिवशी सावलीत ८० डिग्री होतं. म्हणजे आपलं २७ सेल्सियस. आपण मे महिन्यात ४२ काढतो म्हणून आपल्याला ते काही वाटत नाही, पण त्यांच्यासाठी तो कडक उन्हाळा. मग शेकोटी कशाला? तर घरात युद्धाची काटकसर चालू, कागदाचा कपटासुद्धा फेकायचा नाही, सगळी रद्दी पोत्यात भरून सरकारी कामाला पाठवायची. म्हणजे एखादा जाड कागद नाहीसा करायचा असेल तर त्या घरात जाळण्याशिवाय रस्ताच नाही! इतकी साधी, घरातली, बायकांच्या डोक्यात येणारी गोष्ट आहे ही. (एवढ्याने रहस्य फुटत नाही, काळजी नको.)

माझी आजी ग्वाल्हेरला वाड्यात राहायची, कमरेला किल्ल्या, आणि तिच्या पैशावर दोन काका, एक आत्या, आणि नात्यातला एक मुलगा शिकायला राहिलेला. सगळे तिला घाबरायचे आणि तिच्यावर रुसायचे पण. स्टाइल्स वाचताना मला सारखी ती माजघरातली शांतता आठवत होती. इंग्लंडमधलं घर असून मला ते परकं वाटलंच नाही.

तर प्रश्न दोन. एक, खुनी माहीत असताना रहस्यकथा वाचण्यात अर्थ आहे असं तुम्हाला वाटतं का, की मी चुकीच्या पद्धतीने वाचली? दोन, ज्यांनी नीट, न कळता वाचली त्यांना ती कशी वाटली? कृपा करून खुन्याचं नाव कुणी लिहू नका.

जेलरोड_जुना

ताई, अपन स्पष्टच बोलतो, राग मानू नका. रहस्यकथा ही एकदाच वाचायची गोष्ट आहे. पहिल्यांदा वाचताना छातीत जे धडधडतं ना ते दुसऱ्यांदा येत नाही, आणि तुमचं ते कुणीतरी चोरलंय. तुम्ही नंतर शोधून काढलेला आनंद खरा असेल, पण तो वेगळा आनंद आहे, त्याला रहस्यकथेचा म्हणू नका.

मी बाबूराव अर्नाळकरांवर वाढलेला माणूस. जेल रोडला आमच्या घराजवळ एकजण भाड्याने पुस्तकं द्यायचा, एका दिवसाचं भाडं ठरलेलं म्हणून आम्ही दोघं भाऊ एका रात्रीत झुंजारची दोन-दोन पुस्तकं संपवायचो, एक वाचून झालं की अदलाबदल, आणि भावाने शेवट सांगितला तर मारामारी. तिथे गाडी थांबतच नाही. धाड, पाठलाग, वेषांतर, पान उलटायला वेळ पुरत नाही. त्यानंतर कॉलेजात स्टाइल्स वाचली तेव्हा मला पहिली शंभर पानं चहाच चालू आहे असं वाटलं होतं. हे लॉनवर चहा पिताहेत, ते फिरायला चाललेत, गोष्ट सांगणारा हेस्टिंग्ज प्रत्येक बाईकडे बघून हळवा होतोय.

आणि माझी खरी तक्रार दुसरीच आहे. त्या एका रात्रीत घरातल्या किती जणांनी किती उद्योग केलेत! एकाने हे लपवलं, दुसरीने ते मिसळलं, तिसऱ्याने काहीतरी चिरडून टाकलं, आणि ह्यातल्या बऱ्याच गोष्टींचा खुनाशी संबंधच नाही. पुरावे इतके की शेवटी पॉयरो एकेक सोडवत बसतो तेव्हा आपण दमून जातो. पहिल्या पुस्तकात लेखकाला सगळंच घालावंसं वाटतं, तसं झालंय. पुढच्या पुस्तकांत तिने हे कमी केलं आणि ती जास्त चांगली झाली असं माझं मत. सगळ्यांना एका खोलीत बसवून शेवटी तासभर भाषण, हेही मला कधी पटलं नाही. खरा पोलीसवाला असं करेल का?

पिवळीपानं

@जेलरोड_जुना काका, त्या शेवटच्या भाषणाची गंमत माहितीये का. ख्रिस्तीने आधी शेवट वेगळा लिहिला होता, पॉयरो कोर्टात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून सगळं उलगडतो असा. प्रकाशक जॉन लेन म्हणाला कोर्टात असं चालत नाही, हे बदल, मग तिने ते सगळं घराच्या दिवाणखान्यात आणलं. म्हणजे पुढे ज्या दृश्यासाठी ती ओळखली गेली, सगळे खुर्च्यांवर बसलेत आणि एकेकाकडे नजर फिरतेय, ते प्रकाशकाने हरकत घेतली म्हणून झालं. पुस्तक १९१६ मध्ये लिहिलेलं, बऱ्याच प्रकाशकांनी परत पाठवलं, छापून आलं १९२० ला अमेरिकेत आणि १९२१ ला इंग्लंडात.

मला वाटतं दिवाणखानाच बरोबर आहे. घरात झालेला गुन्हा घरातच उघडा पडायला पाहिजे, ज्या खोलीत रोज चहा होतो तिथेच. कोर्टात पडला असता तर एवढं अंगावर आलं नसतं.

दवाबाजार_फार्मा

मी फार्मासिस्ट आहे, दवाबाजारात २२ वर्षं झाली. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी माझं पुढचं लिहिलेलं सोडून द्या, नाव सांगणार नाही पण विष कसं काम करतं ते सांगणार आहे, आणि तो ह्या पुस्तकाचा जीव आहे.

मी ही कादंबरी डी-फार्म करताना वाचली आणि तेव्हापासून ज्युनियर पोरांना मी ती वाचायला सांगतो. विष आहे स्ट्रिक्नीन, म्हणजे आपला काजरा, कुचला म्हणतात हिंदीत, त्याच्या बियांतलं. होमिओपॅथीचं नक्स व्होमिका घराघरात असतं ना, ते त्याच झाडाचं नाव. चव अशी कडू की कॉफीत कदाचित दबेल पण कोकोत नाही, आणि हा मुद्दा कादंबरीत नीट वापरलाय. लक्षणंही बरोबर दिलीत, अंग कमानीसारखं वाकतं आणि माणूस शुद्धीवर असतो, भयंकर मरण आहे ते. पण घोळ असा की स्ट्रिक्नीन पोटात गेल्यावर लवकर परिणाम करतं, आणि इथे बाईने रात्री आठला कॉफी घेतली आणि त्रास सुरू झाला पहाटे. मधले तास कुठे गेले? सगळे डॉक्टर तिथेच अडकतात.

उत्तर आहे डिस्पेन्सिंगच्या पुस्तकात. त्या काळी स्ट्रिक्नीन अगदी थोड्या प्रमाणात टॉनिकमध्ये घालायचे. आणि ब्रोमाइड द्यायचे झोपेसाठी. दोन्ही औषधं वेगवेगळी ठीक. पण एकत्र आली की स्ट्रिक्नीनचं ब्रोमाइड तयार होतं, ते पाण्यात नीट विरघळत नाही, त्याचे स्फटिक हळूहळू तळाशी बसतात. मग वरचे डोस घेत गेलात तर काही होत नाही, आणि बाटलीतला शेवटचा डोस म्हणजे जवळजवळ सगळं विष एकाच घोटात. ज्याला आम्ही इनकम्पॅटिबिलिटी म्हणतो आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहून विसरून जातो, त्यावर तिने अख्खी कादंबरी उभी केली! 'वापरण्यापूर्वी बाटली हलवा' हे लेबल मी रोज बघतो, पण स्ट्रिक्नीनचं ते प्रकरण वाचल्यापासून गिऱ्हाइकाला तोंडाने पण सांगतो.

हे तिला कसं माहीत, तर युद्धात ती टॉर्कीच्या हॉस्पिटलात आधी नर्सिंगला आणि मग डिस्पेन्सरीत होती, औषधं बनवायची परीक्षा पास झालेली. आणि पुस्तक निघालं तेव्हा फार्मसीवाल्यांच्या पत्रिकेने, फार्मास्युटिकल जर्नलने, परीक्षण छापून तिचं कौतुक केलं की विषाची माहिती बरोबर आहे. तिला त्या परीक्षणाचा फार आनंद झाला होता.

अजून एक. गावातल्या केमिस्टकडे कुणीतरी कुत्र्याला मारायला म्हणून स्ट्रिक्नीन घेतं आणि रजिस्टरमध्ये सही करतं, ती सही पुढे सगळ्या प्रकरणाचा कणा होते. आज आमच्याकडे शेड्यूल एच-१ च्या औषधांचं वेगळं रजिस्टर असतं, पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, आणि ते ३ वर्षं जपून ठेवायचं. दुकानात नवीन पोरं ते कंटाळत भरतात. मी म्हणतो स्टाइल्स वाच, मग भर.

तर ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर, मला विष माहीत होतं, रिअ‍ॅक्शन माहीत होती, चाळीसाव्या पानावर मला 'कसं' ते कळलं होतं. तरी मी शेवटपर्यंत हललो नाही.

सेवउसळ

अरे मी अजून वाचली नाहीये आणि ते 'सोडून द्या' दिसायच्या आत खाली वाचून गेलो 😭 असो. खजुरी बाजारात जुन्या पुस्तकांत मिळेल का?

दवाबाजार_फार्मा

@सेवउसळ माफ कर भिया. मिळेल, ख्रिस्ती जुन्या पुस्तकांत असतेच. आणि खरंच सांगतो, तुझं फार नुकसान झालेलं नाही, कुणी आणि का हे अजून शिल्लक आहे, आणि 'का' मध्ये खरी चमक आहे.

तुकोगंज_अ‍ॅड

हायकोर्टात वकिली करते, दिवाणी. फार्मासिस्ट दादांनी विषाचं सांगितलं, मी मृत्युपत्राचं सांगते कारण लोकं ते पान भरभर उलटतात.

स्टाइल्समधली सगळी भांडणं कागदाची आहेत. पहिला नवरा जाताना घर बाईला देऊन गेला पण हयातीपुरतं, म्हणजे ती असेपर्यंत तिचं, नंतर थोरल्या मुलाचं. आणि पैशातला मोठा भाग मात्र तिच्या हातात. आता बघा काय होतं, मोठी झालेली मुलं स्वतःच्याच बापाच्या घरात सावत्र आईच्या पैशावर राहताहेत, तिला विचारल्याशिवाय वेगळं घरसुद्धा घेता येत नाही, ती उदार आहे पण उपकार विसरू देत नाही. असे अशील मी दर महिन्याला बघते. फक्त आडनावं मराठी आणि मारवाडी असतात.

त्यात बाईने दुसरं लग्न केलं. इंग्लंडच्या १८३७ च्या विल्स अ‍ॅक्टप्रमाणे लग्न केलं की आधीचं मृत्युपत्र आपोआप रद्द. वकील वेल्स हे कादंबरीत शांतपणे सांगतो आणि खोलीतल्या माणसांचे चेहरे बदलतात, कारण आधीचं मृत्युपत्र मुलाच्या बाजूचं होतं. आपल्याकडे भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मध्ये ही तरतूद आहे, पण हिंदूंच्या मृत्युपत्राला ती लागू नाही, हिंदू माणसाने मृत्युपत्र करून मग लग्न केलं तरी मृत्युपत्र राहतं. म्हणजे हीच गोष्ट इंदूरच्या एखाद्या कुटुंबात घातली तर गुंता वेगळाच होईल, संशय दुसऱ्यावरच जाईल. मी एकदा बसून करून बघितलं होतं, खरंच बदलतो.

कायद्याचा अजून एक खिळा आहे ह्या पुस्तकात, अगदी मधोमध ठोकलेला. तो सांगितला तर नावच सांगितल्यासारखं होईल म्हणून थांबते. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. तो जेव्हा मला पहिल्यांदा कळला तेव्हा मी एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि रात्री बाराला रूममेटला उठवून सांगितलं.

@रामबागवाली ताई, आमच्या धंद्यात निकाल आधीच माहीत असलेल्या केसेसच वाचाव्या लागतात. निकाल माहीत असतो म्हणूनच युक्तिवाद दिसतो. तुम्ही अगदी बरोबर वाचली.

अनामिका_२७

मला पुस्तक आवडलं पण दोन गोष्टी खटकल्या त्या कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते.

एक म्हणजे डॉक्टर बाउअरस्टाइन. तो ज्यू आहे, आणि त्याच्याबद्दल घरातले लोक ज्या सुरात बोलतात, आणि एके ठिकाणी पॉयरोसुद्धा त्याच्या हुशारीचं कारण त्याचं ज्यू असणं सांगतो, ते वाचताना मला फार अवघड वाटलं. त्या काळात इंग्लंडमध्ये असं सर्रास बोललं जायचं हे खरं, पण म्हणून आपण वरून वाचून पुढे जायचं हे मला जमत नाही. मजा घेत असतानाच हे दिसलं पाहिजे.

दुसरी नोकर. डॉर्कस नावाची म्हातारी मोलकरीण आहे, घरातलं सगळं तिला माहीत, बाई कुणाशी भांडली, कुठला झगा कुठल्या पेटाऱ्यात आहे, आणि पॉयरोचं निम्मं काम तिच्या साक्षीवर चालतं. पण तिला स्वतःचं असं काही दिलेलंच नाही, ती फक्त बाईसाठी रडते आणि जुने दिवस आठवते. युद्धाआधी पाच माळी होते, आता म्हातारा मॅनिंग, पोरगा विल्यम आणि ती ब्रिचेस घालणारी नव्या पद्धतीची बाई, असं ती सांगते तेव्हा ते वाक्य मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात खरं वाटलं. अख्खं एक जग संपत आलंय आणि ते सांगतेय कोण, तर मोलकरीण. मला तिच्याबद्दल जास्त वाचायचं होतं. तिच्यावर कुणी संशयसुद्धा घेत नाही, म्हणजे संशय घेण्याइतकीसुद्धा तिला किंमत नाही का?

पण पॉयरो निर्वासित आहे हे मला फार आवडलं. तेव्हा जवळजवळ अडीच लाख बेल्जियन लोक इंग्लंडला आले होते जर्मनांनी देश घेतल्यावर. हा माणूस परक्या देशात, दुसऱ्याच्या मदतीवर मिळालेल्या घरात राहतोय, आणि ज्या बाईने मदत केली तिचाच खून होतो. त्याने हे काम फीसाठी घेतलेलं नाही, ऋण म्हणून घेतलंय. लोक त्याच्या मिशांवर बोलतात, ह्यावर कुणी बोलत नाही.

सयाजीगंज_वाचक

बडोद्याहून लिहितोय, माझं इंदुरात आजोळ आहे म्हणून ह्या ग्रुपात आहे.

ही घरातल्या खुनाची गोष्ट ख्रिस्तीपासून सुरू होत नाही. १८६० साली विल्टशायरमध्ये रोड हिल हाउस नावाच्या घरात खरंच एक खून झाला, जेमतेम चार वर्षांचा मुलगा रात्री आपल्या खाटेवरून नाहीसा झाला आणि बाहेरच्या संडासात सापडला, गळा कापलेला. घर आतून बंद. म्हणजे घरातलंच कुणीतरी. स्कॉटलंड यार्डचा व्हिचर नावाचा इन्स्पेक्टर आला, त्याने एक रात्रीचा झगा कमी आहे एवढ्यावरून मुलाच्या सोळा वर्षांच्या सावत्र बहिणीवर बोट ठेवलं. लोक चिडले ते तिच्यावर नाही, त्याच्यावर, की एक साधा पोलीसवाला सभ्य घरातल्या मुलीच्या कपड्यांची चौकशी करतो म्हणजे काय. केस पडली, त्याचं नाव खराब झालं. आणि १८६५ ला त्या मुलीने स्वतः कबुली दिली.

त्यानंतर १८६८ मध्ये विल्की कॉलिन्सचं 'द मूनस्टोन' आलं, त्यात हाच हरवलेला झगा आहे, फक्त रक्ताच्या जागी रंगाचा डाग, आणि खुनाच्या जागी हिऱ्याची चोरी. हिरा आपला, सोमनाथाच्या मूर्तीचा, श्रीरंगपट्टणच्या लुटीत इंग्रजाने पळवलेला. शेवट होतो काठियावाडात. मी ते पुस्तक बडोद्याच्या सेंट्रल लायब्ररीत बसून वाचलं, त्या काचेच्या फरशीच्या मजल्यावर, आणि यॉर्कशायरच्या घरातून निघालेली गोष्ट जेव्हा सोमनाथला येऊन थांबली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

म्हणून मला अनामिकाताईंचं नोकरांबद्दलचं पटलं. व्हिचरचा गुन्हा एवढाच होता की तो खालच्या थरातला होता आणि त्याने वरच्या थरातल्यांचं कपाट उघडलं. पॉयरो परदेशी आहे म्हणून त्याला कपाट उघडायची मुभा मिळते. त्याला ते लोक आपल्यात मोजतच नाहीत, म्हणून त्याच्यापुढे लाजतही नाहीत.

जेलरोड_जुना

@सयाजीगंज_वाचक वा, हे माहीत नव्हतं.

घरातलाच खुनी म्हणता तर मी आपल्या इंदूरची आठवण काढतो. आमचे आजोबा बावला प्रकरणाबद्दल सांगायचे. १२ जानेवारी १९२५, मुंबईत मलबार हिलवर मोटारीत अब्दुल कादर बावलाला गोळ्या घातल्या, बरोबर मुमताज बेगम होती जी इंदूर दरबारातून निघून गेली होती. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज अधिकारी नेमके तिथून गेले आणि ते मध्ये पडले म्हणून मुमताज वाचली आणि मारेकरी हाती लागले. धागे इंदूरपर्यंत आले आणि १९२६ ला तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली. आजोबा म्हणायचे शहरात लोक ह्यावर बोलताना आधी खिडकी लावून घ्यायचे.

आता सांगायचं हे की आमच्या होळकरांच्या लालबाग राजवाड्यापेक्षा मोठं घर कुठल्या इंग्रजी कादंबरीत असणार, फाटक तर बकिंगहॅमच्या फाटकाची नक्कल. पण आमची गोष्ट घरात राहिलीच नाही. रस्त्यावर गेली, कोर्टात गेली, पेपरात गेली, गादीपर्यंत गेली. आणि खरे सूत्रधार कोण ह्याचं उत्तर कुणी दिवाणखान्यात सगळ्यांना बसवून दिलं नाही. कदाचित म्हणूनच लोकांना स्टाइल्ससारखं पुस्तक लागत असेल, जिथे दारं बंद आहेत, माणसं मोजलेली आहेत आणि उत्तर मिळतं. हे मी काल रात्री तुमचे सगळ्यांचे मेसेज वाचून विचार केला. भाषणाबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. पहिली शंभर पानं चहा आहे हे मात्र कायम.

पिवळीपानं

तो चहाच तर पुरावा आहे काका 🙂

ताई, एक राहिलं. त्या लायब्ररीच्या प्रतीचं काय केलंत? खोडरबराने खोडून टाका, पुढच्या माणसासाठी.

रामबागवाली

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. रविवारी ग्रुपमध्ये हे सगळं वाचून दाखवलं, पोहे थंड झाले. वकीलताईंचा तो मधला खिळा आमच्यातल्या दोघींना कळला होता, मला नव्हता कळला, समजावून सांगितला तेव्हा मी परत ते प्रकरण उघडून बघितलं आणि खरंच, सगळं त्यावरच उभं आहे. अनामिका, डॉर्कसबद्दल तू लिहिलंस ते आमच्याकडे सगळ्यात जास्त बोललं गेलं, कारण आमच्या सहाही जणींच्या आजोळी अशी एक बाई होती आणि चौघींना तिचं आडनाव सांगता आलं नाही.

जेलरोडकाका, तुम्ही पहिल्यांदा लिहिलं होतं की माझं काहीतरी चोरलं गेलं. ते खरंय. ते धडधडणं मला ह्या पुस्तकात मिळालं नाही आणि आता मिळणार पण नाही. त्या पेन्सिलवाल्याला मी माफ केलेलं नाही.

आणि हो, पुस्तक परत करायच्या आधी खोडलं. बाण आणि शब्द गेले, नावाखालच्या रेघेची मात्र कागदावर खाच राहिलीय, पान तिरपं धरलं की दिसते. तारीख वाढवून आणली कारण आईला वाचायचंय, ती शाळेत इंग्रजी शिकवायची, ७४ वर्षांची आहे, ख्रिस्ती कधी वाचली नव्हती. ती ट्यूबलाइटखाली सरळ धरून वाचते त्यामुळे खाच दिसणार नाही असं मी मनाला सांगतेय. काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, तिने बाहेरून हाक मारली, अगं, हा जुलै महिना चाललाय ना पुस्तकात? मी म्हटलं हो. ती म्हणाली, मग ह्या बाईने शेकोटी कशाला पेटवायला सांगितली?